चकण्यातला शेंगदाणा

पावसाळ्यात फडताळाच्या मागच्या रांगेत शेंगदाण्याचा एखादा डबा विसरून राहतो. श्रावणी सोमवारच्या खिचडीसाठी तो बाहेर निघतो. कुणीतरी चव बघायला दोन दाणे तोंडात टाकतं आणि तोंड वाकडं करत मोरीकडे धावतं. दाण्यांना कीड लागलेली नसते, बुरशीही नसते, दिसायला ते कालच्यासारखेच असतात. फक्त आतल्या तेलाचं हवेतल्या ऑक्सिजनशी सूत जुळून गेलेलं असतं. आपण त्याला खवटपणा म्हणतो.

दारू आणि मेंदू यांच्याबद्दलच्या प्रकरणाची सुरुवात या डब्याने केली, कारण दारू मेंदूत जे उत्पात घडवते त्यातला एक मोठा उत्पात रसायनशास्त्राच्या भाषेत हाच आहे. डोक्यातली चरबी खवट होते.

आणि योगायोग असा की पिणाऱ्याच्या टेबलावर, काकडी-टोमॅटोच्या कापांच्या शेजारी, हाच शेंगदाणा मसाला लावून बसलेला असतो. या चकण्याचा पिणाऱ्याला फार आधार वाटतो. ‘मी रिकाम्या पोटी कधी घेत नाही’, ‘आपलं खाणं दणकून असतं’, ‘उपाशी पिणारा मरतो हो, खाऊन पिणाऱ्याला काही होत नाही.’ हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. पोटात अन्न असलं की जठर सावकाश रिकामं होतं, दारू आतड्यात हळूहळू उतरते आणि रक्तातला तिचा कळस खालीच राहतो. एवढा भाग खरा. या समजुतीची एक नवी, शहरी आवृत्तीही निघाली आहे. तिच्यात चकण्याऐवजी हळदीच्या गोळ्या, ग्रीन टी, डाळिंबाचा रस असतो, आणि रेड वाइन तर काय, द्राक्षाच्या सालीतलं औषधच समजायचं. दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच, की ताटातलं काहीतरी ग्लासातल्याला पुरून उरेल. महाराष्ट्रात पिण्याचा जो परवाना काढावा लागतो, त्याच्या भाषेतही कारण आरोग्य राखण्याचंच येतं. तेव्हा या आशेला सरकारी आधार नाही असंही म्हणता येत नाही!

मग ताटातलं काही खरंच मेंदू वाचवतं का? माझ्या मते वाचवतं, पण आपण ज्याच्याकडे बघतोय ते नव्हे.

आधी खवटपणा नीट समजून घेऊ. तेलाचा रेणू म्हणजे कार्बनची लांब माळ. या माळेत जिथे दुहेरी बंध असतात तिथे शेजारचा हायड्रोजन सैल असतो. एकटा इलेक्ट्रॉन घेऊन भटकणारा एखादा आक्रमक रेणू, ज्याला फ्री रॅडिकल किंवा मुक्त मूलक म्हणतात, तो हायड्रोजन हिसकावतो. लुटला गेलेला तेलाचा रेणू मग स्वतःच लुटारू होतो, ऑक्सिजन पकडतो आणि शेजाऱ्यावर हात टाकतो. एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असा हा संसर्ग पसरत जातो. जितके दुहेरी बंध जास्त, तितकं तेल लवकर खवट होतं.

आता मेंदू बघा. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीत असतानाही शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा घेतो. पाणी वगळलं तर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीजन्य पदार्थांचा. त्यातही डीएचए नावाचं जे मेदाम्ल मेंदूला विशेष प्रिय आहे, त्याच्या एका रेणूत सहा दुहेरी बंध असतात. मेंदूच्या काही भागांत लोहही भरपूर असतं आणि लोह ही लूटमार वाढवतं. थोडक्यात, अतिशय नाजूक तेलाचा डबा, झाकण उघडं आणि आत पडलेला गंजका खिळा. तरीही माणूस ऐंशी-ऐंशी वर्षं शाबूत डोक्याने जगतो, कारण आतमध्ये राखणदारी अखंड चालू असते. तिच्याकडे येतोच.

दारूचा मुख्य निकाल यकृतात लागतो. तिथे तिच्यापासून आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं, जे दारूपेक्षा विषारी, आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. मेंदूत मात्र यकृतातलं नेहमीचं एंझाइम फारसं काम करत नाही. तिथे कॅटलेझ आणि सीवायपी२ई१ ही दोन एंझाइमं दारू हाताळतात. दुसऱ्याचं नाव मोटारीच्या नंबरासारखं आहे, पण त्याची ओळख ठेवलीच पाहिजे. दारू पचवण्याची ही वेगळी यंत्रणा चार्ल्स लीबर आणि लिओनोर डिकार्ली यांनी १९६८मध्ये यकृतात दाखवून दिली. तिची खोड अशी की पिणं वाढलं की तीही वाढते. रोज पिणाऱ्याला ‘चढत नाही’ याचं एक कारण हेच (दुसरं आणि मोठं कारण, मेंदूच त्या नशेला सरावतो). ‘तो पचवतो’ असं आपण कौतुकाने म्हणतो. पण हे एंझाइम गळक्या नळासारखं आहे. काम करता करता ते ऑक्सिजनचे अर्धवट, आक्रमक अवतार बाहेर सांडत राहतं. म्हणजे पचवण्याची ताकद वाढली की सांडण्याचं प्रमाणही वाढलं.

आता राखणदारीची गोष्ट. ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पेशीच्या चरबीच्या पडद्यात ई जीवनसत्त्व बसलेलं असतं. लुटारू आला की ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि लुटीची साखळी तिथेच तुटते. पण देऊन बसलेलं ई जीवनसत्त्व स्वतः निकामी होतं. त्याला पुन्हा उभं करतं शेजारच्या पाण्यातलं क जीवनसत्त्व. क जीवनसत्त्व रिकामं झालं की ते ग्लुटाथायोनच्या दारात जातं. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू पेशी स्वतःच बनवते. तोही रिता झाला की त्याला भरून देतं एनएडीपीएच. चाळीतल्या उसनवारीसारखं आहे हे. पहिल्या खोलीवाली दुसरीकडे वाटी घेऊन जाते, दुसरी तिसरीकडे, तिसरी चौथीकडे. आणि गंमत म्हणजे शेवटच्या खोलीत खरोखरच साखर असते. एनएडीपीएच बनतं ते ग्लुकोजपासून. ग्लुकोज जाळण्याचा जो नेहमीचा हमरस्ता आहे तो सोडून पेशीत एक आडवाट आहे, तिला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात. एनएडीपीएच तयार होतं त्या वाटेवर. ती वाट वाहती ठेवणारं एक एंझाइम आहे ट्रान्सकेटोलेझ. ते चालतं फक्त थायमिन असलं तर. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व.

थायमिनला कुणी अँटिऑक्सिडंट म्हणून विकत नाही. हळदीच्या, डाळिंबाच्या, द्राक्षबियांच्या जाहिराती होतात. ब१चं नाव गोळ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरात. पण उसनवारीच्या शेवटच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला आहे. आणि दारू नेमकी तीच किल्ली काढून घेते. आतड्यातून थायमिन शोषलं जाण्याचं काम ती अडवते, दुखावलेल्या यकृताला त्याचा साठा करता येत नाही, आणि थायमिनला कामाला लागायला जे मॅग्नेशियम हवं ते लघवीवाटे घालवते. मुळात शरीरात थायमिनचा साठा असतोच किती? सगळा मिळून सुमारे तीस मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांची बेगमी. त्यातून रोज पिणारा बहुतेक वेळा जेवणही टाळतो, कारण दारूच्या एका ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात आणि भूक मेल्यासारखी होते. हे ध्यानात घेतलं की शेंगदाण्यातल्या ई जीवनसत्त्वाची मर्यादा उघड होते. पहिल्या खोलीत कितीही माल भरा, शेवटची खोली बंद असेल तर उसनवारी चार दिवसांत ठप्प.

तरीही प्रयोगशाळेतले निकाल आशा लावतात, आणि ते खोटे नाहीत. तेल खवट होऊ नये म्हणून खाद्यपदार्थांत बीएचटी नावाचं एक रसायन घालतात. पाकिटावर ३२१ हा आकडा असतो तो त्याचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फुल्टन क्रूज यांच्या गटाने २००६मध्ये दाखवलं की चार दिवस सतत दारूत बुडवलेल्या उंदरांना बीएचटी दिलं तर मेंदूतल्या पेशींची पडझड कमी होते. डब्यातल्या तेलाचा राखणदार डोक्यातल्या तेलालाही कामी आला. आपल्याकडे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या औषधशास्त्रज्ञांनी उंदरांना दहा आठवडे दारू पाजून त्यांची स्मरणशक्ती तपासली. त्यासाठी रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेला पाण्याचा हौद वापरतात. गढूळ पाण्याखाली एक छोटं व्यासपीठ लपवलेलं असतं. उंदीर पोहत पोहत ते शोधतो आणि दुसऱ्या दिवशी जागा आठवून सरळ तिकडे जातो. दारूवरचे उंदीर भरकटत राहिले. सोबत द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल किंवा हळदीतलं कर्क्युमिन मिळालेल्या उंदरांना जागा बरीच बरी आठवली. मेंदूतल्या खवटपणाच्या खुणाही कमी सापडल्या.

इथे थोडं गणित करायला हवं, नाहीतर वर्तमानपत्रातला मथळा आपली फसगत करतो. उंदराला रेझव्हेराट्रॉल किलोमागे वीस मिलिग्रॅम दिलं असं धरू. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने माणसासाठी हा डोस सहापटीने कमी धरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १९० मिलिग्रॅम. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य साधारण दोन मिलिग्रॅम असतं. तेव्हा मेंदू वाचवण्यासाठी रोज शंभरेक लिटर वाइन प्यावी लागेल. हळदीचंही फार वेगळं नाही. हळदपुडीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातलं आतड्यातून रक्तात पोचतं अगदी थोडं, आणि रक्तातून मेंदूत शिरताना तिथला पहारा आणखी अडवतो. आमटीतली चिमूटभर हळद आमटीसाठी उत्तम आहे, एवढंच म्हणेन.

शिवाय उंदरांचे निकाल एकमुखी नाहीत. नवजात पिल्लांवरच्या एका प्रयोगात ई जीवनसत्त्वाने दारूपासून हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी नोंदवणारा भाग, वाचवला. पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, दुसऱ्या गटाला लहान मेंदूच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. हे विचित्र वाटलं तरी तसं नाही. दारू मेंदूला एकाच वाटेने मारत नाही. खवटपणा ही एक वाट. आतड्यातून झिरपलेली जिवाणूंची द्रव्यं मेंदूतल्या राखणदार पेशींना चिथवतात, ती दुसरी. नशा उतरताना चेतापेशी बेफाम उद्दीपित होतात, ती तिसरी. यकृत कोलमडलं की अमोनिया डोक्यात चढतो, ती चौथी. आणि पिऊन जिन्यावरून पडणं ही पाचवी, जिच्यावर कुठल्याच फळात उतारा नाही.

माणसांवर या कल्पनेची परीक्षा झाली तेव्हा काय झालं? थेट दारू-मेंदूसाठी नव्हे, पण एक मोठी परीक्षा झाली आणि तिच्यात दारू अनपेक्षितपणे डोकावली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षं ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, दोन्ही किंवा नुसतीच पोकळ गोळी देण्यात आली. गाजराला रंग देणारं हे बीटा-कॅरोटीन फुफ्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल अशी खात्री होती. १९९४मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाने मरणारे काही जास्तच निघाले. पुढे आकडे उलगडून बघितले तेव्हा बीटा-कॅरोटीनचं नुकसान मुख्यतः दोन गटांत दिसलं. एक म्हणजे जास्त सिगारेटी ओढणारे. आणि दुसरा, दिवसाला अकरा ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेणारे. अकरा ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडच्या तीस मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये दहा ग्रॅम असतं.

मघाशी भेटलेले लीबर इथे पुन्हा येतात. त्यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्ये बबून माकडांना दारूबरोबर बीटा-कॅरोटीन दिलं होतं. दारूमुळे ते रक्तातून लवकर हटेना आणि यकृताची इजा नुसत्या दारूपेक्षा वाढली. म्हणजे पिणाऱ्याने गाजराच्या अर्काची गोळी घेणं हे संरक्षण तर नाहीच, उलट भर. गोळी आणि गाजर यांत मात्र गल्लत नको. त्याच फिनिश लोकांत आहारातून हे द्रव्य जास्त मिळवणाऱ्यांना कर्करोगाचा धोका कमीच होता. गाजर खावं. फक्त ते ग्लासाचा हिशोब चुकता करेल अशी अपेक्षा ठेवू नये. यकृताच्या आजारातही हाच अनुभव आहे. दारूने यकृताला तीव्र सूज आलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये अँटिऑक्सिडंटांचं मिश्रण आणि स्टेरॉइड यांची तुलना झाली, तेव्हा २००६च्या त्या अहवालात जगण्याच्या बाबतीत स्टेरॉइडच सरस ठरलं.

मग ताटातलं काय वाचवतं? मघाचं ते बारीक अक्षरातलं ब१.

१८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने तीन रुग्णांची हकिकत छापली. डोळ्यांची हालचाल थांबलेली, चाल झोकांडणारी, मन गोंधळलेलं. तिघेही दगावले आणि मेंदूच्या तळाशी बारीक बारीक रक्तस्राव सापडले. त्यांतले दोघे पक्के दारुडे पुरुष होते. तिसरी होती वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिने जीव द्यायला सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, त्यातून वाचली. पण जठर आकसल्यामुळे पोटात काही ठरेना, उलट्या थांबेनात. ती दारू पीत नव्हती. खुलाशाची किल्ली पहिल्या दिवसापासून टेबलावर पडलेली होती, पण पुढची कित्येक दशकं डॉक्टर या आजाराकडे दारूचं विष म्हणूनच बघत राहिले. सहा वर्षांनी मॉस्कोत सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी याच आजाराचा पुढचा अंक नोंदवला. रुग्ण शुद्धीवर, बोलतोय, जुनं आठवतंय. पण पाच मिनिटांपूर्वीचं काही राहत नाही. मग तो रिकाम्या जागा भरतो. महिनाभर वॉर्डात असलेला माणूस शांतपणे सांगेल, आज सकाळीच बाजार करून आलो, भाव फार वाढलेत. तो थापा मारत नसतो; त्याला स्वतःलाच ते खरं वाटतं. घरच्यांना हे समजायला फार वेळ लागतो. ‘दारुड्या आणि वर खोटारडा’ असा शिक्का तोवर बसलेला असतो.

उत्तर भलतीकडून आलं. जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधले काही महिने त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला, त्याला लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना घालणं पटेना आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. एका स्वयंपाक्याच्या नियमनिष्ठेचा वैद्यकाला इतका फायदा क्वचितच झाला असेल. आइकमन यांना १९२९चं नोबेल मिळालं. कोंड्यातलं ते द्रव्य १९२६मध्ये शुद्ध रूपात वेगळं झालं आणि १९३६मध्ये कृत्रिमरीत्या बनवता आलं.

त्यानंतर सहाच वर्षांनी, फेब्रुवारी १९४२मध्ये, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. चांगीच्या छावणीत हजारो ब्रिटिश युद्धकैदी पॉलिश केलेल्या भातावर राहू लागले आणि काही आठवड्यांतच, हगवणीने खंगलेल्यांपासून सुरुवात होऊन, वेर्निकेचा आजार दिसू लागला. ह्यू डी वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स या कैदी डॉक्टरांनी ५२ रुग्णांची नोंद ठेवली. ती युद्धानंतर १९४७मध्ये छापली गेली. छावणीत दारूचा थेंब नव्हता. थायमिनची जी मोजकी इंजेक्शनं हाताशी होती, ती वेळेत मिळालेल्यांपैकी अनेक जण झपाट्याने सुधारले. शिवणकाम करणाऱ्या मुलीची साक्ष साठ वर्षांनी ग्राह्य धरली गेली.

याचा धडा सर्वांत ठळकपणे ऑस्ट्रेलियाने घेतला. तिथे क्लाइव्ह हार्पर हे विकृतिशास्त्रज्ञ शवविच्छेदनात मेंदू तपासत होते. १९८६मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांच्या मेंदूत या आजाराच्या खुणा सापडल्या त्यांपैकी डोळे, चाल आणि गोंधळ ही तिन्ही लक्षणं जिवंतपणी असलेले फक्त सोळा टक्के होते. बहुतेकांचं निदान झालंच नव्हतं. पिऊन आलाय, झोकांडतोय, बरळतोय, यात नवीन काय, असं म्हणून सगळे सोडून देतात. बिअरमध्येच थायमिन घालावं का, यावरही तिथे गांभीर्याने चर्चा झाली. पण दारूच्या बाटलीवर ‘जीवनसत्त्वयुक्त’ अशी मोहोर उमटवायला कोण तयार होणार? शेवटी १९९१पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं झालं. पूर्वीच्या एका पाहणीत शवविच्छेदन झालेल्या मेंदूंपैकी ४.७ टक्क्यांत आजार सापडला होता. १९९८च्या अहवालात तो आकडा १.१वर आला. एका तपासणीवरून सगळं श्रेय पिठाला देता येत नाही, पण आहारातल्या एखाद्या घटकाने पिणाऱ्यांचे मेंदू वाचल्याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जाणारा उकडा तांदूळ या गोष्टीत आपसूक बसतो. साळीसकट उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत झिरपतं आणि मग सडलं-कांडलं तरी बरंचसं आतच राहतं. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात हे नीट मोजलं गेलं. लाल, जाड, पाहुण्यांसमोर वाढायला काहींना संकोच वाटणारा हा भात त्या बाबतीत बासमतीला भारी आहे.

आणि एक गोष्ट सलाइनची. दोन दिवस पिऊन पडलेल्या, न जेवलेल्या माणसाला घरचे दवाखान्यात नेतात आणि आग्रह धरतात, ‘डॉक्टर, एक सलाइन लावा, ताकद येईल.’ त्या बाटलीत बऱ्याचदा ग्लुकोज असतं. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिन त्या साखरेच्या मागे खर्ची पडलं तर ज्याला वाचवायला आणलं त्याचाच मेंदू कोसळू शकतो. म्हणून पिणाऱ्याला ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन, तेही इंजेक्शनने, असा वैद्यकाचा रिवाज आहे. कारण दारूने बिघडलेलं आतडं गोळीतलं फारसं उचलत नाही. (रक्तातली साखरच धोक्याच्या खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत.) घरच्यांनी डॉक्टरांना ‘हे रोज पितात’ एवढं न लाजता सांगणं, हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय.

थायमिन हे कवच नव्हेच. ते एक विशिष्ट विध्वंस टाळतं. पोट भरलेल्या, थायमिन पुरेसं असलेल्या पिणाऱ्याचा मेंदूही आकसतो. ब्रिटनमधल्या ३६ हजारांहून जास्त लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा २०२२मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा दिवसाला एक-दोन युनिटपासूनच घट दिसू लागली होती. पन्नाशीच्या माणसात एका युनिटवरून दोनवर जाणं हे मेंदूचं वय दोन वर्षांनी वाढण्याइतकं भरलं. युनिट म्हणजे आठ ग्रॅम. आपल्याकडच्या एका क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम असतात. अशा पाहण्या कारण सिद्ध करत नाहीत, पण क्वार्टर साडेसात युनिटांची होते हे साधं भागाकाराचं उत्तर कुणी टेबलावर बसून काढलेलं मी पाहिलेलं नाही.

उलट दिशेचाही पुरावा आहे, आणि तो जुना आहे. टोरांटोतल्या पीटर कार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८मध्ये दारू सोडलेल्या काही लोकांचे सीटी स्कॅन काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा काढले. आकसलेला मेंदू काहींमध्ये पुन्हा भरलेला दिसला. तोपर्यंत आकसलेला मेंदू म्हणजे कायमचं नुकसान असंच समजत. मेलेल्या पेशी परत आल्या नव्हत्या. उरलेल्यांच्या फांद्या आणि त्यांची आवरणं सावरली होती. गळका नळ बंद झाला की चाळीतली उसनवारी पुन्हा सुरू होते. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र हा नळ एका रात्रीत, डॉक्टरांशिवाय बंद करू नये. अचानक थांबल्याने आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.)

राहिला तो चकण्यातला शेंगदाणा. त्याच्यावर अन्याय नको. कच्च्या शेंगदाण्यात ई जीवनसत्त्व असतं आणि थायमिनही, शंभर ग्रॅममागे जवळपास ०.६ मिलिग्रॅम, दिवसाच्या गरजेचा चांगला निम्म्याच्या आसपास हिस्सा. फक्त थायमिनला उष्णता सोसत नाही. भट्टीत वाळूत खरपूस भाजताना त्यातलं बरंचसं उडून जातं, आणि राहिलेलं शोषून घेण्याचं काम शेजारच्या ग्लासातून उतरलेली दारू अडवते.